पोर्तुगीज शब्दांची कार्डं अँकीत हलवताना

मंडळी, जुन्या ॲपमधली माझी पोर्तुगीज कार्डं एकदाची अँकीत, म्हणजे कार्डांवरून उजळणी करून घेणाऱ्या ॲपमध्ये, आली. उच्चारांचे आवाज जोडायचे राहिलेत, बाकी सगळं जागेवर आहे.

जुन्या ॲपमध्ये कार्डाला दोनच बाजू. पुढे पोर्तुगीज, मागे मराठी. वर्गातल्या धड्यांपुरतं ते ठीक होतं, पण पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं वाचायला बसलं की ते तोकडं पडतं. ‘ओ एराल्दो’ हे गोव्यातलं पोर्तुगीज दैनिक सुरू झालं १९०० साली आणि पोर्तुगीज लेखनाची मोठी सुधारणा झाली १९११ साली. त्याआधीच्या मजकुरात ‘फार्मासिया’ पीएचने छापलेलं असतं, आजच्या शब्दकोशात ते एफखाली सापडतं. म्हणून कार्डं जशीच्या तशी उचलण्यापेक्षा आधी मोडून मांडायची ठरवली.

जुन्या ॲपमधून मजकूर रकान्यांमध्ये टॅब घालून बाहेर काढला. स्वल्पविराम घेऊ नका. आपल्या मराठी अर्थांतच इतके स्वल्पविराम असतात की रकाने हमखास सरकतात. फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून रकाने पाडले: शब्द, आर्टिकल, मराठी अर्थ, जुनं स्पेलिंग, वाक्य. सेव्ह करताना यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं नीट साठवणारं एन्कोडिंग) निवडायचं, यात हयगय नको. पोर्तुगीजमध्ये आजी आणि आजोबा दोघंही ‘आव्हो’. लिहिताना फरक फक्त शेवटच्या ओवरच्या चिन्हाचा. एन्कोडिंग बिघडून दोन्हीकडे प्रश्नचिन्ह आलं की पहिली फील्ड (म्हणजे रकाना) सारखीच होते, आणि अँकी डुप्लिकेट ओळखतो तो पहिल्या फील्डवरूनच! मी आयात करण्याआधी फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून हे दोन शब्द आणि एक देवनागरी ओळ पाहून घेते. ती धड दिसली की बाकीची फाइलही धड असते.

अँकीची खरी ताकद नोट टाइपमध्ये आहे. एका शब्दाची सगळी माहिती म्हणजे नोट, आणि तिचा साचा म्हणजे नोट टाइप. माहिती एकदाच भरायची, कार्डं किती आणि कशी निघायची ते टेम्प्लेट ठरवतं. माझ्या एका नोटमधून पोर्तुगीज ते मराठी आणि मराठी ते पोर्तुगीज अशी दोन कार्डं निघतात. तिसऱ्याच्या पुढच्या बाजूवर फक्त जुनं स्पेलिंग. ती फील्ड रिकामी असेल तर कार्डाची पुढची बाजूच कोरी राहते, आणि अँकी ते कार्ड बनवतच नाही. त्यामुळे ज्या शब्दाचं लेखन बदललं त्यालाच तिसरं कार्ड मिळतं. हे पहिल्यांदा चाललेलं पाहिलं तेव्हा फार आनंद झाला.

उजळणीचा इतिहास मात्र मजकुराच्या फाइलमधून येत नाही. सगळी कार्डं नवीन म्हणून उभी राहतात, आणि रोज २० नवीन कार्डांच्या मूळ मर्यादेने पाठ असलेले शब्दही पुन्हा पहिलीपासून गिरवावे लागतात. त्यावर उपाय आहे. अँकीच्या ब्राउझरमध्ये, म्हणजे कार्डांच्या यादीत, पाठ असलेली कार्डं निवडा, ‘सेट ड्यू डेट’मध्ये १-३० असं लिहा. ती महिनाभरात इकडेतिकडे विखुरतात आणि थेट उजळणीच्या रांगेत लागतात. कच्चे शब्द नवीनच राहू द्या. एफएसआरएस, म्हणजे पुढची उजळणी कधी ते ठरवणारी अँकीतली नवी पद्धत, तीही सुरू केलीय, पण अजून पुरेशी उजळणी साठलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल आत्ताच मत देत नाही.

फोनवर अँकीड्रॉइड (अँकीचं अँड्रॉइड ॲप) वापरणाऱ्यांनी एक सांभाळावं: नोट टाइपमध्ये फील्ड वाढवण्याआधी फोन आणि संगणक दोन्ही सिंक करून घ्या. रचना बदलली की पूर्ण सिंक मागतं, म्हणजे एकच बाजू ठेवता येते. पावसात आमच्याकडे वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाची, म्हणून असले बदल मी सिंक झाल्याची खूण दिसल्यावरच करते. बॅकअप तर आधी हवाच.

आता आवाज. शेजारच्या आजी घरात अजून पोर्तुगीज बोलतात, त्या शब्द म्हणून द्यायला आनंदाने तयार झाल्यात. एमपीथ्री फाइली कलेक्शनच्या मीडिया फोल्डरमध्ये थेट टाकायच्या, आत उपफोल्डर करायचे नाहीत, आणि फाइलचं नाव साउंड टॅगमध्ये घालून आवाजाच्या वेगळ्या रकान्यात ठेवायचं. फाइलींची नावं साध्या रोमन अक्षरांत, चिन्हांशिवाय ठेवतेय.

क्रियापदं अजून बाजूला ठेवलीत. प्रत्येक काळाची नोट वेगळी करावी की सगळी रूपं एका नोटमध्ये क्लोझने (गाळलेल्या जागांनी) झाकावीत, हे ठरत नाहीये. कुणी अनियमित क्रियापदांसाठी नोट टाइप केला असेल तर त्यातल्या फील्ड कशा मांडल्यात ते कळवा.