मी प्रो रेसलिंगचे सामने बघायला जाते म्हटल्यावर तुम्ही विचारलंत म्हणून: "पण ते सगळं खोटं असतं ना?"

हो. निकाल ठरलेला असतो. कोण जिंकणार, साधारण किती वेळात, शेवट कुठल्या डावावर, हे पडद्यामागे आधीच पक्कं झालेलं असतं. १९८९ मध्ये त्या वेळच्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशननं, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीनं, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे स्वतःच सांगून टाकलं की आमची ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर टळावा, एवढ्यासाठी. तेव्हा जे गुपित तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात सांगता, ते मालकांनीच पैसे वाचवायला सरकारदरबारी नोंदवून ठेवलंय.

चिडून लिहितेय, मान्य. पण हा प्रश्न मला मावसभावानं विचारलाय, ऑफिसातल्या जवळजवळ प्रत्येकानं विचारलाय, दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा धरून विचारलाय. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दर वेळी तीच कीव: एवढी शिकलेली बाई, आणि हिला कुणी सांगितलंच नाही. मावशी त्यातल्या त्यात सरळ. "अगं, नुरा कुस्ती ती. ती बघायला पैसे कसले देतेस?" १९६८ मध्ये मुंबईत दारासिंगनं अमेरिकेच्या लू थेझला हरवलं याचा तिला आजही अभिमान आहे. ती कुस्तीही याच धंद्यातली होती, हे मी तिला सांगत नाही.

टीव्हीवरचं तुम्ही पाहिलंय, ते सोडून देते. मी जाते ते वेगळं. इंडी, म्हणजे कुठल्याही मोठ्या कंपनीशी करार नसलेले रेसलर, भाड्यानं घेतलेला हॉल, घडीच्या खुर्च्या, आणि पहिल्या रांगेतून हात लांब केला तर रिंगला लागेल इतकं अंतर. फिलाडेल्फियातल्या ज्या हॉलनं नव्वदच्या दशकात ईसीडब्ल्यू या रेसलिंग कंपनीला नाव मिळवून दिलं, तो एरवी बिंगो खेळायचा हॉल. लॉस एंजेलिसच्या रिसीडा भागात माजी सैनिकांच्या संघटनेचा एक छोटा हॉल होता, त्याच्या तिकिटांसाठी लांबलांबचे शौकीन तडफडायचे. अशा ठिकाणी रिंग लावायला बरेचदा शिकाऊ पोरंच असतात. मघाशी छातीवर मार खाल्लेला माणूस मध्यंतरात टेबलामागे उभा राहून स्वतःचे टी-शर्ट विकतो, कारण कित्येकदा मानधनापेक्षा त्यातूनच जास्त सुटतं.

खोटं काय नसतं, तेही एकदाच सांगते. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या, फळ्यांवर पातळसा फोम आणि वर ताणलेलं कॅनव्हास. त्यावर आपटून घेणं म्हणजे बम्प, आणि तो नीट घ्यायला शिकण्यात बराच काळ जातो. हनुवटी छातीला चिकटवायची, श्वास सोडायचा, पाठ सपाट टेकवायची, हात आपटायचे, म्हणजे धक्का वाटला जातो. वाटला जातो, नाहीसा होत नाही. उघड्या छातीवर मारलेला चॉप, म्हणजे पंजाचा फटका, तर चॉपच असतो. दुसऱ्या रांगेत मला आधी आवाज येतो, मग बोटांचे वळ उमटताना दिसतात. आणि टीव्हीवर कधीच नीट दिसत नाही ती गोष्ट अशी की फेकणारा माणूस फेकता फेकता समोरच्याला सांभाळत असतो. कानाशी तोंड नेऊन पुढचा डाव सांगतो, उचलायच्या आधी अंगावर हलकेच दाब देऊन विचारतो, तयार? २००२ मध्ये सुरू झालेल्या रिंग ऑफ ऑनर या अमेरिकी कंपनीत तर सामन्याआधी आणि नंतर हस्तांदोलन करायचं, हा नियमच होता. एकमेकांवर इतका विश्वास ठेवून एकमेकांचा इतका द्वेष करणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. मी जाते ते हे बघायला.

असं मी बरीच वर्षं सांगत आले. "निकाल ठरलेला, मार खरा" हे माझं लाडकं वाक्य. विचारणारा गप्प बसायचा आणि मला जिंकल्यासारखं वाटायचं. त्या वाक्यात केवढा खड्डा आहे हे तुमच्यापैकी एकानंही दाखवलं नाही, कारण तुम्ही सगळे खोटं-खोटं करत बसलात. मार खरा असेल, तर मी तो बघायला पैसे मोजते. पुढचा प्रश्न एवढाच होता. तो तुम्ही विचारला नाहीत. मला तो एका सामन्यात पडला.

शेवटून दुसरा सामना. एका बाजूला तरुण, चपळ, सगळ्या हॉलचा लाडका पोरगा. त्याच्यासमोर वयानं मोठा, थोराड हील, म्हणजे खलनायक, जो रिंगपर्यंत पोचायच्या आत प्रेक्षकांतल्या तिघाचौघांशी भांडून आलेला. सामना रंगला होता. हीलनं मागून कमरेला मिठी घातली आणि पाठीची कमान करत त्याला डोक्यावरून मागे फेकलं. जर्मन सुप्लेक्स. हा डाव इतक्यांदा पाहिलाय की तो पुरा व्हायच्या आधीच माझे हात टाळीसाठी वर जातात. पोरगा खांद्यांवर पडायच्या ऐवजी मानेवर पडला. आवाज वेगळा आला. फळ्यांचा तो नेहमीचा घुमणारा धाड नव्हे, काहीतरी आखूड.

हीलनं त्याला तसंच दाबून धरलं. रेफरी आडवा झाला. एक. दोन. तिसऱ्याला हात वर गेला आणि वरच राहिला. इथे पोरानं खांदा उचलायचा होता, सामना इथे संपायचा नव्हता, हे कुणालाही कळलं असतं. खांदा उचलला गेला नाही. रेफरीचा हात खाली आला तो कॅनव्हासवर नाही, पोराच्या पंजावर. हे ते नेहमी करतात, कुणाला न दिसेल असं. पंजा दाबायचा, ठीक असशील तर तूही दाब. मी त्याच कोपऱ्यात बसले होते. मला दोन्ही पंजे दिसत होते आणि दाबत होता फक्त एकच.

मग हील उठला आणि रिंगच्या कडेकडेनं फिरत आम्हाला वाट्टेल ते बोलायला लागला. बघा तुमचा हिरो, रडा आता, असलं काहीतरी. हॉल पेटला. मीही ओरडले, जीव खाऊन. तो माझ्या कोपऱ्याशी येऊन दोरांवरून वाकला. तोंड माझ्या अंगावर ओरडत होतं आणि डोळे माझ्या डोक्यावरून पलीकडे, पडद्याकडे, कुणी धावत येतंय का ते शोधत होते. तेव्हा मला कळलं. सगळ्या हॉलच्या नजरा तो त्या पोरावरून उचलून स्वतःवर घेत होता.

रेफरीनं दोन्ही हात डोक्यावर धरून फुली केली. ही खूण आतल्या लोकांसाठी असते: हे ठरलेलं नाही, माणूस पाठवा. पण पूर्वी कितीतरी वेळा हीच खूण ठरवूनही वापरली गेली आहे. त्यामुळे शौकिनांना ती माहीत असते आणि तिच्यावर त्यांचा विश्वास नसतो. माझ्या मागचा एकजण खूश होऊन म्हणाला, "काय सेल करतोय!" म्हणजे लागल्याचं काय वठवतोय. त्याला मी दोष देत नाही. आम्ही फसायचं ठरवूनच येतो. फसणं कुठल्या क्षणी थांबवायचं, हे कुणी कधी सांगितलेलं नसतं.

मानेला पट्टा, खाली फळी, स्ट्रेचर. हे सगळं होईपर्यंत हील एकदाही भूमिकेतून बाहेर आला नाही. दुसऱ्या टोकाला उभा राहून हुर्यो झेलत राहिला. पोरगा पडद्याआड गेला. थोड्या वेळानं निवेदकानं मुख्य सामना पुकारला. आणि मी थांबले.

इथे माझं माझ्याशीच भांडण आहे. तेव्हाची मी म्हणते, थांबले ते योग्यच. मुख्य सामन्यातल्या दोघांनी काय पाप केलं होतं? त्यांनी रिकाम्या खुर्च्यांपुढे त्याच फळ्यांवर आपटून घ्यायचं? आताची मी विचारते, बरं, मग टाळ्याही तेवढ्याच जोरात कशा वाजवल्यास? तेव्हाची म्हणते, वाजवल्या नसत्या तर पोराची मान बरी होणार होती का? यावर आताचीकडे उत्तर नाही. तेव्हाचीला त्याचा आनंद होतो, तो मला आवडत नाही.

शो संपल्यावर टेबलांपाशी गेले तर त्या पोराच्या टी-शर्टांमागे तोच हील उभा. केस ओले, चष्मा लावलेला. "साइज?" मी साइज सांगितला आणि विचारलं, कसा आहे तो? "बोटं हलवतोय," म्हणाला, सुटे मोजता मोजता. पुढच्याला विचारलं, "साइज?"

हाड मोडलं नव्हतं. नस दुखावली होती. काही महिन्यांनी पोरगा परतला, त्या शोलाही मी होते. समोर तोच हील आणि अर्थातच तोच डाव. मिठी पडली तसा सगळा हॉल उभा राहिला. या वेळी तो नीट खांद्यांवर पडला, दोनला खांदा उचलला, आणि मी घसा बसेपर्यंत ओरडले. त्या ओरडण्यात सुटका होती, हे खरं. पण त्यानं तो डाव पुन्हा घ्यावा, माझ्यासमोर घ्यावा, ही इच्छाही होती. सामना ठरवणाऱ्या बुकरला ती बरोबर कळली होती. मी आलेच नसते तर त्यानं तो डाव तिथे ठेवला असता का?

तुम्ही म्हणाल, अपघात सगळीकडे होतात. तेच मीही म्हणत असे. २०१४ मध्ये फिलिप ह्यूज मानेवर चेंडू लागून गेला, म्हणून क्रिकेट बघणाऱ्यांना कुणी जाब विचारत नाही. पण ह्यूजला लागावं म्हणून कुणी तिकीट काढलं नव्हतं. आम्ही पडणं बघायलाच काढतो. जपानच्या मित्सुहारू मिसावानं मानेवर पडत पडत थोर सामने दिले, आणि १३ जून २००९ ला हिरोशिमात मागून उचलून टाकण्याच्या एका साध्या डावानंतर तो रिंगमध्येच कोसळला. ४६ वर्षांचा होता. ते थोर सामने मी आजही लावते. बघताना मधेच बंद करावेसे वाटतात, आणि करत नाही. इंडीत तर डोक्यावर कंपनीही नाही; सगळे स्वतःच्या जिवावरचे कंत्राटी, विमा बहुतेकांना नाहीच, काही झालं तर चाहत्यांकडून वर्गणी. मी ती भरते. तेही एक प्रकारचं तिकीटच.

"आणि बाईमाणसानं अशा ठिकाणी?" हा तुमचा दुसरा लाडका प्रश्न. खुर्च्यांमध्ये मला आजवर त्रास झाला नाही. जून २०२० मध्ये ब्रिटनमधून 'स्पीकिंग आउट' सुरू झालं, त्यात बायकांनी सांगितलं ते पडद्यामागचं होतं: शिकवणाऱ्यांनी, नावाजलेल्या रेसलरांनी काय काय केलं ते. पुढच्या वर्षी तिथल्या खासदारांच्या सर्वपक्षीय गटानं या धंद्यावर अहवाल काढला. ज्यांच्यासाठी मी उभी राहून ओरडले होते, त्यांतली काही नावं त्या आरोपांत होती. मी तेव्हा बहिष्कार टाकला, असं लिहायला आवडलं असतं. तेव्हा साथीमुळे हॉलच बंद होते. उघडल्यावर गेले.

डेथमॅच, म्हणजे मुद्दाम रक्त काढणारे सामने, मात्र मी बघत नाही. १९८९ मध्ये अत्सुशी ओनितानं जपानात एफएमडब्ल्यू ही कंपनी काढली आणि पुढे काटेरी तारांना स्फोटकं जोडली. त्या घराण्यातलं आजचं रूप म्हणजे एकमेकांच्या पाठीवर ट्यूबलाइट फोडणं. तिथे माझी रेघ. ही रेघ मी मोठ्या तोऱ्यात भाचीला सांगितली.

"म्हणजे रक्त नको, मान चालते," ती म्हणाली.

"तसं नाही गं."

"मग कसं, मावशी?"

मी सांगायला लागले, फळ्या, फोम, हनुवटी छातीला. तिनं अर्ध्यातच थांबवून पुढच्या शोचं तिकीट काढायला सांगितलं. पहिल्या रांगेचं हवं म्हणाली. मी दुसऱ्या रांगेतली दोन काढली आहेत. पहिल्या रांगेवर कधीकधी माणसं येऊन पडतात.