रेडलिच-किस्टरचे गुणांक बसवताना

पन्नास मिली पाण्यात पन्नास मिली इथेनॉल मिसळलं तर शंभर मिली भरत नाही, ९६-९७ च्या आसपास भरतं. ही घट मोजून रेडलिच-किस्टर समीकरणात बसवण्याचं काम पीएच.डी.च्या सुरुवातीला माझ्याकडे आलं.

मोजणीत शिस्त सांभाळली की झालं. घट्ट बुचाच्या बाटलीत आधी पाणी, मग इथेनॉल, दोन्ही वजनानं घ्यायचं. २५ अंश सेल्सिअसला घनता मोजणाऱ्या डेन्सिटोमीटरच्या नळीत मिश्रण सोडताना बुडबुडा राहू द्यायचा नाही. घनतेवरून मोलर आकारमान, म्हणजे एका मोलचं आकारमान, काढून त्यातून आदर्श (मिसळताना आकारमान न बदलणाऱ्या) मिश्रणाचं वजा केलं, की उरतं ते एक्सेस. इथेनॉल-पाण्यात ते सगळीकडे ऋण असतं. सर्वांत खोल बिंदू इथेनॉलच्या ०.४ मोल-अंशाजवळ (मोल-अंश म्हणजे एकूण मोलपैकी त्या घटकाचा वाटा), मोलमागे सुमारे उणे १.१ घन सेंमी.

खरा कस लागतो तो पुढे. रेडलिच आणि किस्टर यांनी १९४८ साली मांडलेल्या समीकरणात दोन मोल-अंशांच्या गुणाकाराला, त्यांच्या फरकाच्या (इथेनॉल वजा पाणी) चढत्या घातांच्या मालिकेनं गुणायचं असतं. प्रत्येक घाताला आपला एक गुणांक, तेच मोजणीवरून बसवायचे. गुणाकारामुळे दोन्ही टोकांना, म्हणजे शुद्ध पाणी आणि शुद्ध इथेनॉलपाशी, शून्य आपोआप येतं. समसमान मोलच्या मिश्रणात फरकच शून्य, म्हणून पहिला गुणांक तिथल्या एक्सेसच्या बरोबर चौपट. मला हे फार आवडतं, कारण संगणकानं दिलेला आकडा आलेखावर नजर टाकून ताडता येतो.

पण गुणांक किती घ्यायचे? प्रत्येक नव्या गुणांकानं वक्र बिंदूंच्या आणखी जवळ जातोच. सरांनी एक्सेसला मोल-अंशांच्या गुणाकारानं भागून आलेख काढायला लावला, आणि सगळं स्पष्ट झालं. इथेनॉल थोडं असतं त्या भागात हा वक्र झपाट्यानं खाली जाऊन वळतो. दोन-तीन गुणांकांना ते वळण पेलत नाही. मात्र ०.०२ मोल-अंशापाशी असं भागताना मोजणीतली चूकही सुमारे ५० पट फुगते, तेव्हा तिथल्या बिंदूंना कमी भार द्यावा लागतो. उरलेले फरक मोजणीच्या अचूकतेइतके झाले आणि शून्याच्या दोन्ही बाजूंना विखुरले, की मी थांबते.

शेवटची तपासणी पाण्याच्या टोकाशी. तिथे गुणांकांची एकाआड एक चिन्हं बदलून बेरीज केली, की अतिविरल इथेनॉलचं आंशिक एक्सेस (भरपूर पाण्यात अगदी थोड्या इथेनॉलचं, इथेनॉलच्या मोलमागे) मिळतं, उणे ३.६ घन सेंमीच्या आसपास. एक गुणांक वाढवल्यावर हा आकडा डळमळत असेल, तर मी तो तक्त्यात देत नाही.