एका केंटेची दोन नावे

घानाची राजधानी अक्रा इथल्या हाय स्ट्रीटवर देशाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते क्वामे एन्क्रुमा यांचे स्मारक आहे आणि जवळच हस्तकलेचा बाजार भरतो. गेल्या शनिवारी तिथे केंटेचे, म्हणजे घानाच्या हातमागावरच्या नक्षीदार कापडाचे, एक वस्त्र हातात घेऊन मी विक्रेत्या आँटींना त्याचे नाव विचारले, कारण पैठणीत जशी नारळी, आसावली, बांगडी मोर अशी नावे असतात, तशीच केंटेच्या नक्षीलाही असतात. "कोणते सांगू, जुने की नवे?" त्या म्हणाल्या. जुने नाव 'फाथिया फाता एन्क्रुमा', म्हणजे फाथिया एन्क्रुमांना शोभते; नवे 'ओबाकोफो म्मू मान', म्हणजे राज्य एकट्याने चालत नाही. भाव मात्र दोन्ही नावांना एकच होता.

फाथिया या इजिप्तच्या. एन्क्रुमांशी त्यांचे लग्न 1957 च्या अखेरीस झाले, तेव्हा घाना स्वतंत्र होऊन वर्षही उलटले नव्हते आणि एन्क्रुमांचा शब्द खाली पडत नव्हता. अमेरिकेत आणि लंडनमध्ये बारा वर्षे काढून हा माणूस 1947 च्या डिसेंबरात परतला होता, तोही जे. बी. डांक्वा आदी प्रतिष्ठित वकिलांच्या पक्षाचा पगारी सरचिटणीस म्हणून. त्या मंडळींचा सबुरीचा मार्ग त्यांना मानवला नाही. जून 1949 मध्ये त्यांनी 'स्वराज्य आत्ताच' अशी मागणी करणारा स्वतःचा पक्ष काढला आणि पुढच्याच जानेवारीत गांधीजींच्या सत्याग्रहावरून स्फूर्ती घेऊन संप व बहिष्काराचे आंदोलन पुकारले. त्यासाठी त्यांना समुद्रकाठच्या जेम्स फोर्टमध्ये डांबण्यात आले. फेब्रुवारी 1951 ची निवडणूक त्यांनी कोठडीतूनच लढवली आणि अक्रा मध्य मतदारसंघात 23,122 पैकी 22,780 मते मिळवली. ब्रिटिश गव्हर्नर आर्डेन-क्लार्क यांनी त्यांना तुरुंगातून सोडून थेट सरकार बनवायला बोलावले. 1952 मध्ये ते पंतप्रधान झाले. सुटून आलेले त्यांचे कार्यकर्ते टोपीवर 'पी. जी.' अशी अक्षरे मिरवत, म्हणजे प्रिझन ग्रॅज्युएट!

म्हणूनच त्यांच्याच सरकारचा 1958 चा कायदा मला खटकतो. खटला न चालवता पाच वर्षांपर्यंत कोणालाही स्थानबद्ध करण्याची मुभा त्याने सरकारला दिली आणि आपल्याकडच्या मिसाच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ज्या डांक्वांच्या पक्षात एन्क्रुमा सरचिटणीस म्हणून आले, त्याच डांक्वांचा फेब्रुवारी 1965 मध्ये न्सावामच्या तुरुंगात मृत्यू झाला. तोवर एन्क्रुमा राष्ट्राध्यक्ष झाले होते आणि 1964 पासून देशात एकच पक्ष उरला होता.

त्यांनी बांधलेले मात्र टिकले. माझ्या घरात येणाऱ्या विजेचा काही भाग आजही आकोसोम्बोच्या धरणातून येतो. जानेवारी 1966 मध्ये त्याचे उद्घाटन त्यांनीच केले. जेमतेम महिन्याभराने, 24 फेब्रुवारीला, ते हनोईच्या वाटेवर चीनमध्ये असताना लष्कराने आणि पोलिसांनी सत्ता घेतली. केंटेचे नवे नाव त्यानंतरचे. त्यांना मायदेशी परतता आले नाही. गिनीच्या सेकू तुरे यांनी त्यांना आसरा दिला. 1972 मध्ये बुखारेस्टला त्यांचे निधन झाले.

जुन्या ज्या पोलो मैदानावर 6 मार्च 1957 च्या मध्यरात्री त्यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली, तिथेच आज त्यांची समाधी आहे. आवारात बंडाच्या वेळी पाडलेला त्यांचा जुना पुतळा मस्तकाविना उभा आहे. बाजूच्या वेगळ्या चौथऱ्यावर त्याचे मस्तक ठेवले आहे. ते परत मिळाले, पण धडावर बसवलेले नाही.