तीन मिलिमीटर

रात्रीचे साडेबारा, कॉम्प्युटरचे सगळे पार्ट्स बसलेले, फक्त कॅबिनेटचं काचेचं साइड पॅनल लावायचं राहिलेलं आणि ते काही लागेना. आधी वाटलं खाचेत नीट बसलं नसेल, काढलं, परत लावलं, थोडं दाबलं (काच दाबू नका, प्लीज), मग टॉर्च घेऊन कडेने बघितलं तर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचा फॅन काचेला टेकलेला. पट्टी आणून मोजलं. तीन मिलिमीटर.

आता गंमत म्हणजे मी हे तपासलं होतं हो! कॅबिनेटच्या माहितीत लिहिलेलं कूलरची उंची १५८ मिमीपर्यंत चालेल, माझा कूलर १५५ चा. मग सहा मिलिमीटर आले कुठून? रॅममधून. मी रॅम घेतलेली ती दिवेवाली, डोक्यावर उंच तुरा असलेली, आणि कूलरचा पुढचा फॅन नेमका रॅमच्या डोक्यावर येतो, त्यामुळे तो वर सरकवून क्लिप करावा लागला. कूलर १५५ चा १६१ झाला. कूलर कॅबिनेटशी जुळत होता, रॅम मदरबोर्डाशी जुळत होती, पण रॅम आणि कूलर एकमेकांचे शेजारी आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पहिलाच डेस्कटॉप होता हा. त्याआधी एक लॅपटॉप, व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की विमान उडाल्यासारखा आवाज करणारा आणि वर तळहात भाजणारा. ठरवलं की आता पार्ट्स घेऊन स्वतः जुळवायचं. तीन आठवडे रोज रात्री तेच. एक्सेल शीट केलेलं, त्यात हा प्रोसेसर विरुद्ध तो प्रोसेसर, हे ग्राफिक्स कार्ड विरुद्ध ते, यात सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) जास्त, त्यात किती गिगाहर्ट्झ जास्त. म्हणजे प्रत्येक पार्टची तुलना मी त्याच्या प्रतिस्पर्ध्याशी करत होते, आणि त्याला ज्याच्यासोबत आयुष्य काढायचंय त्या शेजाऱ्याशी कधीच नाही. इंटरनेटवर बघायला मिळतं तेही बहुतेक तसंच, कारण दोन कार्डांची कुस्ती बघायला मजा येते, कूलर आणि रॅमच्या मधल्या जागेचा व्हिडिओ कोण बघणार.

यादीची सुरुवातही चुकलेली. आधी ग्राफिक्स कार्ड, तेही ४के साठीचं दांडगं, आणि मग उरलेल्यात बाकी सगळं. आधी कळस मग पाया म्हणतात तसं. यादी भाच्याला पाठवली, तो गेमिंगवाला, त्याला यातलं कळतं. त्याने एकच विचारलं, "आत्या, तुझा मॉनिटर कुठलाय?"

मॉनिटर होता २४ इंची, १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ. तो बदलायचा विचारही नव्हता. "मग ते कार्ड एवढ्या फ्रेम काढून टाकणार कुठे? तुझी स्क्रीन सेकंदाला ६० वेळाच बदलते." गप्प बसले. १०८० मध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, ४के मध्ये बरोब्बर चौपट, सुमारे ८३ लाख. त्या चौपट कामासाठी बनलेलं कार्ड मी माझ्या बिचाऱ्या मॉनिटरला जोडणार होते. यादीतलं ते कार्ड गेलं, त्या जागी आरटीएक्स ४०६० आलं, आठ जीबीचं, ११५ वॉटमध्ये भागणारं. कार्ड उतरलं तसा पॉवर सप्लाय उतरला, कॅबिनेटही लहान चाललं. एक पार्ट हलवला की सगळी यादी हलते हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. त्यामुळे कुणी "कुठलं कार्ड घेऊ" विचारलं की मी आता पहिलं विचारते समोर काय ठेवलंयस आणि दिवसभर त्यावर करतोस काय.

प्रोसेसर घेतला रायझन ५ ७६००. सहा कोअर, बारा थ्रेड, माझ्या कामाला पुरे. पण इथे प्रोसेसर एकटा घेता येत नाही, त्याच्यासोबत सॉकेट (बोर्डावरची त्याची बसायची जागा) येतं आणि सॉकेटसोबत पुढची काही वर्षं येतात. हा एएम५ सॉकेटचा, २०२२ ला आलेला, त्यावर फक्त डीडीआर५ पिढीची रॅम चालते. त्याआधीचा एएम४ खूप वर्षं चालला, २०१७ च्या कित्येक बोर्डांवर पुढे बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून ५००० सिरीजचे प्रोसेसर बसले, आणि एएम५ लाही २०२७ पर्यंत तरी साथ देऊ असं रायझन बनवणारी एएमडी म्हणालीये, म्हणून मी तिकडे झुकले. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर बसतात, पण तिथे एक वेगळीच गंमत, काही बोर्ड डीडीआर४ चे तर काही डीडीआर५ चे, नाव जवळपास सारखंच, शेवटी बारीक काहीतरी लिहिलेलं असतं. दोन्ही रॅमला पिना २८८ च पण मधली खाच वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची घेतली तर ती बसतच नाही. जोर लावून बसवायला जाऊ नका म्हणजे झालं.

आणि ते शेवटचं एक अक्षर बघायचं. इंटेलच्या नावापुढे एफ असेल तर आत ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. माझ्या ७६०० मध्ये छोटंसं ग्राफिक्स आहे, गेमसाठी निरुपयोगी, पण कार्ड बिघडलं की प्रोसेसर की आणखी काय हे शोधायला ते सोन्यासारखं. त्याच्याच ७५०० एफ नावाच्या भावंडात ते नाही. ७६०० च्या खोक्यात कूलरही येतो आणि ६५ वॉटच्या प्रोसेसरला तो पुरतो. मी वेगळा मोठा कूलर घेतला कारण कुठेतरी वाचलं की खोक्यातला आवाज करतो. थोडा करतो. पण तीन मिलिमीटरच्या भानगडीपेक्षा तो आवाज परवडला असता असं त्या रात्री वाटलं.

मदरबोर्डवर फार लिहीत नाही. त्यांची नावं युद्धनौकांसारखी असतात आणि डब्यावर ड्रॅगनबिगन असतात, त्याकडे दुर्लक्ष करा. मागे यूएसबी किती, एम.२ ची (एसएसडी बसवायची) जागा किती, फॅन जोडायला पिना किती, वायफाय आहे की नाही (मी गृहीत धरलेलं की सगळ्यांना असतंच, नसतं!) एवढं बघा. आणि बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर बरं, कारण बोर्ड गोदामात जुना पडलेला आणि प्रोसेसर नवा असेल तर बोर्ड त्याला ओळखतच नाही, मग पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करावा लागतो आणि हे बटण असलं की ते प्रोसेसर न लावताही करता येतं.

रॅम दोन पट्ट्या घ्यायच्या, एक नाही आणि चारही नाही. एकीने ड्युअल चॅनेल (दोन वाटांनी एकदम डेटा) मिळत नाही. चारचा मोह मला झालेला, आत्ता दोन घेऊ पुढे दोन टाकू, पण डीडीआर५ ला चार पट्ट्या जड जातात, ७००० सिरीजच्या रायझनला दोन पट्ट्यांवर अधिकृत वेग ५२०० आणि चारवर थेट ३६००. त्यापेक्षा पहिल्यांदाच १६ च्या दोन घेऊन ३२ करून टाकले. बसवायच्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, बहुतेक बोर्डांवर ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. आणि दिवे नसलेली, बुटकी घ्या. का ते वर आलंच आहे.

एसएसडीत (फाइली साठवायच्या ड्राइव्हमध्ये) दोन मिनिटांत निर्णय झाला. एनव्हीएमई म्हणजे वेगवान जोडणीची, चौथ्या पिढीची, एक टीबी. फक्त एम.२ हा आकार आहे, वेग नाही, हे लक्षात ठेवा, त्याच आकारात साटा या हळू जोडणीवाली पण मिळते आणि ती सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते, माझी ७००० च्या आसपास जाते. टीबी लावल्यावर विंडोज ९३१ जीबी दाखवतं, फसवलं नाहीये कुणी, मोजायची पद्धत वेगळी.

पॉवर सप्लाय मात्र सावकाश घ्या. यात बघायला फ्रेम नसतात, ग्राफ नसतात, म्हणून सगळे याला शेवटी ढकलतात, मीही ढकलला होता. पहिल्या यादीत होता ८५० वॉटचा, का तर मोठा आकडा बरा दिसतो. भाचा म्हणाला बेरीज कर. माझा प्रोसेसर फुल लोडवर जास्तीत जास्त ८८ वॉट, कार्ड ११५, बोर्ड रॅम फॅन एसएसडी सगळं मिळून पन्नासएक धर, अडीचशेच्या आसपास आलं. ५५० पण भरपूर झाला. वॉट कमी केले आणि त्याच बजेटात मॉडेल चांगलं घेतलं. त्यावरचा गोल्ड ब्रॉन्झचा शिक्का म्हणजे भिंतीतून घेतलेली वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, गोल्ड असेल तर अर्ध्या लोडवर साधारण ९० टक्के कामी येते. आतले पार्ट्स कसे आहेत, शॉर्ट झालं तर तो वेळेवर बंद पडतो का, हे शिक्का सांगत नाही, त्यासाठी उघडून तपासणाऱ्या लोकांचे रिव्ह्यू वाचावे लागतात. कंटाळवाणे असतात पण वाचा.

आणि एक गोष्ट, जी मला माहीत नव्हती आणि माहीत नसताना मी करायच्या बेतात होते. पॉवर सप्लाय मॉड्युलर असेल तर केबल सुट्या येतात. भाच्याकडे त्याच्या जुन्या सप्लायच्या जास्तीच्या केबल होत्या, मी म्हटलं दे की, प्लग तर सारखाच दिसतोय. तो ओरडलाच फोनवर. पार्टच्या बाजूचं टोक ठरलेलं असतं, पण सप्लायच्या बाजूच्या टोकाला कुठल्या पिनेत काय असावं याचं कुठलंही स्टँडर्ड नाही. दुसऱ्या कंपनीची केबल अगदी व्यवस्थित बसते आणि मग पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट जाऊन ड्राइव्ह जळते. म्हणजे न बसणारी गोष्ट त्रास देते, पण बसणारी चुकीची गोष्ट जास्त घातक.

तर परत त्या रात्रीकडे. फोटो काढून भाच्याला पाठवला, तो जागाच होता. लिहिलं, "फॅन मागच्या बाजूला लाव की." म्हणजे पुढून हवा ढकलण्याऐवजी मागून ओढायची. मागच्या बाजूला रॅम नाही, फॅन खाली येतो, कूलर परत १५५ चा. फक्त दिशा बघायची. फॅनच्या ज्या बाजूला फ्रेमच्या आडव्या दांड्या असतात तिकडून हवा बाहेर पडते, उघड्या बाजूने आत जाते. मी पहिल्यांदा उलटा लावला, हात ठेवून बघायला अजून चालू कुठे केलेला, मग त्या दांड्या बघितल्या आणि फिरवला. पॅनल लागलं. आवाजही न करता लागलं.

पॉवर बटण दाबलं. फॅन फिरले, कार्डाचे दिवे लागले आणि स्क्रीन काळी. बोर्डावर एका कोपऱ्यात चार छोटे दिवे असतात, त्यातला डीरॅम (म्हणजे रॅमचा) लिहिलेला पेटून राहिला. झालं, म्हटलं, तुऱ्याने सूड घेतला. बंद केलं. पॅनल काढलं. रॅम काढून परत दाबून बसवली, दोन्ही बाजूंनी कट् आवाज आला. चालू केलं, परत काळी. परत बंद. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डाला लावलीये का तेही बघितलं, नव्हती लावली. असं तीन वेळा झाल्यावर भाच्याचा मेसेज, "तू सारखं बंद करतेयस का? करू नकोस. पहिल्यांदा रॅम शिकत असते, वेळ लागतो." मेमरी ट्रेनिंग म्हणतात त्याला, एएम५ वर पहिल्या वेळी चांगली काही मिनिटं जातात आणि दर वेळी मी मध्येच वीज तोडून त्याला परत पहिलीत बसवत होते. चौथ्यांदा चालू करून दूर जाऊन बसले, आणि बऱ्याच वेळाने स्क्रीनवर बायोस आलं.

मग महिनाभर मजेत काम. एकदा सहज टास्क मॅनेजर उघडलं तर रॅमचा वेग ४८००. डब्यावर ६०००. डब्यावरचा वेग आपोआप मिळत नाही, बायोसमध्ये जाऊन एक्स्पो नावाचं सेटिंग ऑन करावं लागतं (इंटेलवाल्यांकडे त्याला एक्सएमपी म्हणतात), हे तीन आठवड्यांच्या एक्सेल शीटमध्ये कुठेच नव्हतं. ऑन केलं, सेव्ह केलं, रीस्टार्ट झाला आणि स्क्रीन परत काळी, तोच दिवा परत पेटला. बटणाकडे हात गेला होता. मागे घेतला आणि हाताची घडी घालून बसून राहिले.