ग्राइंडिंगचं तापमान जॉबच्या पोटातून मोजा

संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्याच्या शॉपमध्ये ग्राइंडिंग करताना जॉबवर निळी झाक दिसली, म्हणजे जॉब तापला, की आधी टेंपरेचर गन (लांबून तापमान मोजणारं यंत्र) रोखली जाते. गन 50-60 अंश दाखवते आणि काम पुढे चालू राहतं. हिशोब करून बघा. व्हील 200 मिमीचं, कट 20 मायक्रॉनचा. म्हणजे व्हील जॉबला जेमतेम 2 मिमी लांबीत टेकतं. टेबल मिनिटाला 15 मीटर धावतंय, तर जॉबवरचा एक बिंदू व्हीलखाली असतो फक्त 8 मिलिसेकंद. एवढ्यात गनचं एक रीडिंगही होत नाही. त्यात पृष्ठभाग चकचकीत आणि वर कूलंट. आकडा कमीच येणार.

खात्रीचा आहे तो थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या जोडाने तापमान मोजणं. ईएन 31 (बेअरिंगचं स्टील) चा 20 मिमी जाड, अजून हार्डनिंग न केलेला तुकडा घ्या, खालून 1.5 मिमीचं भोक पाडा आणि वर 1 मिमी धातू राहू द्या. तार काढायला तळाशी खाचही आताच मारा, कारण हार्डनिंगनंतरच्या 60 एचआरसी (रॉकवेल कडकपणा) ला साधं ड्रिल शिरत नाही. हार्डनिंगनंतर भोकातली खपली खरवडून काढा. ती राहिली तर वेल्ड धरत नाही. के टाइप थर्मोकपलच्या 0.2 मिमी तारा भोकाच्या टोकाला डिस्चार्ज वेल्डिंगने (साठवलेल्या विजेच्या एका झटक्याने) चिकटवा, दोन भोकांच्या सिरॅमिक नळीतून बाहेर आणा आणि तोंड इपॉक्सीने बुजवा. कूलंट आत झिरपलं की रीडिंग मध्येच कोसळतं.

मल्टिमीटर इथे उपयोगाचा नाही. सेकंदाला निदान 5,000 रीडिंग घेऊन नोंदवणारा लॉगर हवा, तोही बॅटरीवरचा. तार जॉबला वेल्ड केलेली, जॉब मशीनच्या अर्थवर. मेनवरचा लॉगर लावला तर मोटरचा सगळा गोंगाट ग्राफमध्ये उतरतो. लॉगर उन्हात किंवा मोटरजवळही ठेवू नका.

वेल्ड करण्याआधी त्याच तारेचा एक जोड उकळत्या पाण्यात तपासा. संभाजीनगरच्या उंचीवर पाणी साधारण 98 अंशांना उकळतं, त्यामुळे 98 दिसलं तर कपल ठीक आहे.

मग 20-20 मायक्रॉनचे पास घ्या. दर पासला ग्राफचं शिखर आणि भोकावर उरलेली जाडी लिहा; जाडी घटेल तसा जोड पृष्ठभागाच्या जवळ येतो. जाडी डायलवरून धरू नका. व्हील झिजतं, मशीन दबतं, खरा कट कमीच बसतो. इंडिकेटर लावून मोजा. सगळ्यात जास्त फसगत होते ती ड्रेसिंगमध्ये, म्हणजे हिऱ्याने व्हील पुन्हा धारदार करण्यात. पन्नास पास एकाच ड्रेसिंगवर काढले तर तापमान पृष्ठभाग जवळ आल्यामुळे चढलं की व्हील बोथट झाल्यामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. दर पाच पासला, तेवढ्याच खोलीचं ड्रेसिंग करा. अगदी शेवटचे आकडे थोडे चढे येतात, कारण भोकावरच्या पातळ पापुद्र्याला उष्णता खाली सोडायला धातूच उरत नाही. म्हणून भोक मोठं नको.

ईएन 31 हार्डनिंगनंतर साधारण 150 ते 200 अंशांना टेंपर केलेलं (पुन्हा तापवलेलं) असतं. त्याच्या वर गेलं की कातडी नरम पडायला लागते. स्पार्क-आऊटने (कट न वाढवता शेवटी फिरवलेल्या पासने) निळा रंग निघून जातो, नरम थर तसाच राहतो. तो बघायला 100 मिली स्पिरिटमध्ये 4 मिली नायट्रिक आम्ल थेंबाथेंबाने मिसळा आणि लगेच जॉबवर लावा, बाटलीत बूच लावून ठेवू नका. नरम जागा काळपट उमटते. तापून पुन्हा कडक झालेली जागा पांढरी दिसते.