कोस्टारिका: शेती शिकायला जाताय तर ‘फार्म टूर’चे पैसे वाचवा

आधी निकाल सांगतो. उष्णकटिबंधातली शेती आणि जंगल शेजारी-शेजारी बघायचं असेल तर कोस्टारिकाची कॅरिबियन बाजू धरा, मुक्काम सारापिकी आणि तुरियाल्बा या दोनच ठिकाणी टाका, आणि मध्यस्थ विकतो तो ‘शेतीचा प्रत्यक्ष अनुभव’ अजिबात घेऊ नका. आमच्या गटाला तो ज्या भावाने विकला गेला त्याची चीड अजून उतरलेली नाही, म्हणून सुरुवात तिथूनच.

जाहिरातीत होतं: चालता मळा, शेतकऱ्याची सोबत, अख्खा दिवस काम. माणशी घेतलेली रक्कम सारापिकीतल्या ला सेल्वा या फील्ड स्टेशनवरच्या, म्हणजे जंगलातल्या संशोधन केंद्रावरच्या, दिवसभराच्या राहण्या-जेवणापेक्षा जास्त. नेलं सकाळी दहाला, म्हणजे मळ्यातली निम्मी कामं आटोपल्यावर. तिथे पत्र्याखाली बाकं मांडलेली, समोर कोकोची मोजकी झाडं, बुंध्यापर्यंत गवत छाटलेलं आणि खाली पाचोळ्याचा मागमूस नाही. कोकोच्या फुलांचं परागीभवन करणारी बारीक चिलटं ओल्या, कुजणाऱ्या पाचोळ्यात वाढतात. झाडाखालची जमीन इतकी झाडून घेतलेली दिसली की समजावं, ही झाडं फळासाठी नाहीत, फोटोसाठी आहेत. मोनिलिया, म्हणजे कोकोच्या फळावरची पांढरी बुरशी, तिच्याबद्दल विचारलं तर उत्तर आलं, ‘आमच्याकडे रोग नाही.’ मग चॉकलेट चाखणं, मग दुकान, आणि दुपारी दोनला परतीची गाडी. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत.

त्या भागात ‘रोग नाही’ हे वाक्य पटण्यासारखंच नाही. मोनिलिया कोस्टारिकात १९७८च्या सुमारास आली आणि पुढच्या काही वर्षांत तिथला कोकोचा धंदा तिने बसवला. कित्येकांनी बागा सोडून दिल्या. तुरियाल्बाच्या कातिए या संशोधन संस्थेने नंतर रोगाला दाद न देणारी कलमं तयार केली, ती आज मध्य अमेरिकेत लावली जातात. इतका मोठा इतिहास ज्या पिकाला आहे, ते शिकवताना रोगच वगळायचा ही शुद्ध फसवणूक आहे.

खरा मळा नंतर बघायला मिळाला. स्टेशनवर काम करणाऱ्या एकाने ओळखीच्या छोट्या शेतकऱ्याशी बोलणं करून दिलं. दिवसाची मजुरी आणि जेवणाचे पैसे आम्ही आपणहून दिले, आणि सहाला उजाडताना बागेत होतो. त्याने एक फळ दाखवलं. वरून हिरवंगार, फक्त एका बाजूला किंचित फुगवटा. कोयत्याने चिरलं तर आतला गर तपकिरी, लिबलिबीत, बिया एकमेकींना चिकटलेल्या. शेजारच्या फळावर मलईसारखा पांढरा थर धरला होता. त्याला हात लावू दिला नाही, कारण नुसत्या धक्क्याने त्यातून बीजाणूंची धूळ उडते. दर आठवड्याला बाग फिरून अशी फळं पांढरी पडायच्या आत उतरवायची, तिथेच जमिनीवर टाकायची आणि पाचोळ्याने झाकायची, हा त्याचा मुख्य उपाय. आम्ही सकाळभर तेच काम केलं, खांदे भरून आले. त्या सकाळने जे शिकवलं ते कुठल्याच छापील माहितीत मिळालं नव्हतं.

म्हणून पैसे देण्याआधी समोरच्याला विचारा: काम किती वाजता सुरू होतं, गेल्या आठवड्यात किती फळं फेकली, आम्हाला कोयता हातात मिळणार का. उत्तरं गोलमोल आली तर सोडून द्या.

निर्यातीच्या केळीबागा मात्र बघाच, भले मन खट्टू होवो. घडावर निळ्या पिशव्या, कोणत्या आठवड्याचा घड हे सांगणाऱ्या रंगीत फिती, तारेवर लटकून पॅकिंग शेडकडे जाणारी घडांची रांग. सगळीकडे कॅव्हेंडिश ही एकच जात, कारण आधीची ग्रो मिशेल ही जात मर रोगाने संपवली. कॅव्हेंडिशवर काळा करपा आहे आणि त्यासाठी वर्षाला ४० हून अधिक वेळा विमानाने बुरशीनाशक मारलं जातं. फवारणी कधी आहे ते फाटकावर विचारूनच आत जा. विमानाचा आवाज आला तर शेडमध्ये थांबा, कोणी ‘चालतं’ म्हणालं तरी.

आता रस्ता. सान होसेहून सारापिकीला जायचा सरळ मार्ग म्हणजे ब्राउलियो कारियो राष्ट्रीय उद्यानातून जाणारा ३२ क्रमांकाचा महामार्ग. नकाशावर दोन तासही लागत नाहीत. पावसात दरड कोसळून तो वरचेवर बंद पडतो, आणि ‘डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम’ ही सगळीकडे छापलेली ओळ पॅसिफिक बाजूची आहे. कॅरिबियन उतारावर डिसेंबर-जानेवारीतही धो-धो कोसळतो. आम्हाला वारा ब्लांका या गावाकडच्या रस्त्याने वळवलं: अरुंद, धुक्यात बुडालेला, वळणामागून वळण. याच डोंगरात २००९च्या जानेवारीत भूकंपाने मोठ्या दरडी आणल्या होत्या. अंधारात हा रस्ता घेऊ नका. सकाळी निघा, निघण्याआधी ३२ चालू आहे का बघा, आणि पहिल्या दिवशी कसलीही भेट ठरवू नका.

गाडी भाड्याने घेणार असाल तर इंटरनेटवरचा दर धरून हिशेब करू नका. तिसऱ्या पक्षाचा सक्तीचा विमा बहुतेक वेळा त्यात नसतो, तो काउंटरवर चढतो. विमा धरून लेखी दर आधी मागा. रेस्टॉरंटच्या बिलात १३ टक्के कर आणि १० टक्के सेवाशुल्क आधीच असतं, वर टीप देण्याची गरज नाही.

ला सेल्वा स्टेशन सुमारे १६०० हेक्टरचं. वनस्पतिशास्त्रज्ञ लेस्ली हॉल्ड्रिज यांची ही जमीन १९६८मध्ये संशोधनासाठी घेतली गेली. वर्षाला चार मीटरच्या आसपास पाऊस. जवळच्या वाटा सिमेंटच्या, सुखाच्या. सिमेंट संपलं की चिखल, आणि खरा अभ्यास तिथूनच पुढे. गमबूट गुडघ्याखालपर्यंत हवेतच, कारण तेर्सिओपेलो हा विषारी साप वाटेच्या कडेला पानांत पडून असतो. तोल गेला तरी खोडाला हात लावू नका, आधी बघा. बुलेट अँट नावाची अडीच सेंटिमीटरची मुंगी तिथेच चढ-उतार करत असते. जळवांची काळजी नको, पण गवतातल्या बारीक कोळीवर्गीय किड्यांनी कमरेभोवती आग-आग होते. मोज्यात पँट खोचा.

तुरियाल्बा छान गेलं. कातिएमध्ये २००० सालापासून चाललेला कॉफीचा प्रयोग आहे: उघड्या उन्हातली कॉफी, पोरोच्या सावलीतली कॉफी, रासायनिक आणि सेंद्रिय, सगळं एका जागी. पोरो हे पांगाऱ्याच्या कुळातलं झाड. ते छाटून फांद्या तिथेच टाकतात, नत्र जमिनीला मिळतं. तांबेऱ्याच्या बाबतीत सावली चांगली की वाईट, हा वाद या वाफ्यांमध्ये उभं राहून ऐका. भेटीची पत्रं मात्र कित्येक आठवडे आधी पाठवा.

बी, पान, माती, मुंगी, काहीही पिशवीत घालू नका. १९९८च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे अभ्यासासाठी नमुने गोळा करायला परवाना लागतो, आणि ‘एकच शेंग आहे’ हे कारण चालत नाही. फोटो, वही, मोजपट्टी पुरते. कोर्कोवादो हे राष्ट्रीय उद्यान या खेपेला वगळा. तिथे परवानाधारक गाइड सक्तीचा आहे, खर्च मोठा, आणि शेतीचा संबंध नाही. ते पैसे सारापिकीतला मुक्काम वाढवण्यात घाला.