तेराचा पाढा

जुलै 1986. कर्नाटकातल्या आपल्या खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यांनी अंगावर घेतलाय, त्यांना आपल्या शाळेच्या व्हरांड्यातलं शेवाळ वेगळं सांगायला नको. मी पाचवीत होते. लंगडी घालताना पाय सटकला आणि डोकं चिऱ्याच्या कट्ट्यावर आपटलं.

रक्त भळाभळा आलं. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे बोटभर जखमही घाबरवून सोडते, हे आता कळतं. तेव्हा वाटलं, मेलेच मी. कुणीतरी समोरच्या हॉटेलातून कॉफीपूड आणून जखमेवर थापली. (दुसऱ्या दिवशी ती धुऊन काढताना नर्सबाईंनी जे तोंड केलं होतं, तेच तोंड आता मी करते.) मग आमच्या वर्गाच्या बाईंनी फडकं दाबून धरलं आणि प्रश्नांचा सपाटा लावला. नाव काय तुझं? आज वार कुठला? तेराचा पाढा म्हण बघू. आता तेराचा पाढा मला डोकं आपटायच्या आधीही येत नव्हता! मी तेरा चोकला अडकले, तशा बाईच पांढऱ्याफटक पडल्या.

शाळा सुटल्यावर सातवीतल्या दोघी मला घरी सोडायला आल्या. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. मार चुकवायला मी आईला सांगितलं, "काय नाही गे, जरासं खरचटलंय." वरून डोक्याला रुमाल. रात्री दोनदा उलटी झाली. आजीनं निदान केलं, पित्त. सकाळी उशीला कॉफी लागलेली दिसली, तेव्हा सगळं बाहेर आलं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांना विचारलं, किती वाजता पडली? शुद्ध हरपली होती का? पडल्यावर नीट बोलत होती का? बाबांना एकाचंही उत्तर येईना. उत्तरं शाळेत होती आणि पोरगी इथं. संध्याकाळपर्यंत ठेवून घेऊन त्यांनी सोडलं, कशावर लक्ष ठेवायचं ते कन्नडमध्ये लिहून दिलं. बाबांना कन्नड वाचता येत नव्हतं. परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं: परत उलटी झाली, झोपेतून जागी होईना, डोकेदुखी वाढत गेली, फिट आली तर लगेच घेऊन या. अख्ख्या बसनं ऐकलं आणि अख्ख्या बसनं आपापला उपायही सांगितला.

पुढं नर्सिंगला ग्लासगो कोमा स्केल शिकले. 1974 साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी बसवलेलं हे शुद्धीचं माप. डोळे उघडणं, बोलणं, हालचाल. पूर्ण शुद्धीला 15, सगळ्यात कमी 3. वर्गात बसल्या बसल्या बाई आठवल्या. नाव, वार, पाढा विचारून त्या माझी शुद्धच तपासत होत्या. त्यांचं चुकलं ते एवढंच की जे पाहिलं ते घरी कळवलं नाही. टेंगूळ केवढं आलंय यावरून आतलं काही कळत नाही. कवटीच्या आत रक्त साठायला लागलं तरी मूल काही तास हसत-खेळत असू शकतं, आणि नेमकं त्याच तासांत शाळा सुटते.

म्हणून आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला मी देणगी म्हणून चिठ्ठीवह्या छापून दिल्यात. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कधी पडलं, कशावर पडलं, शुद्ध गेली का, उलटी झाली का, घरी कुणाच्या हाती सोपवलं. तेराच्या पाढ्याला रकाना ठेवलेला नाही.